अंतराळ-स्ट्रॅटेजी गेममध्ये यानाचा वेग किती ठेवावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंतराळावरचा स्ट्रॅटेजी गेम बनवायला घेतला की पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न पुढ्यात येऊन बसतो: यान किती वेगाने पळवायचं? खरं ठेवलं तर खेळ रखडतो, हवं तसं पळवलं तर अंतराळ अंतराळासारखं वाटत नाही. मी गेली काही वर्षं अशा गेमचे नियम लिहितो, कागदावर खेळून बघतो, मोडतो, पुन्हा लिहितो. या कामात नव्याने उतरलेले मित्र जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

खरी यानं किती वेगाने जातात?

मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला श्रीहरिकोट्याहून निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत शिरलं. साडेदहा महिने लागले. न्यू होरायझन्स १९ जानेवारी २००६ ला निघालं, वाटेत गुरूच्या गुरुत्वाकर्षणाचा रेटा घेतला, तरी प्लूटोजवळ पोचायला १४ जुलै २०१५ उजाडला. व्हॉयेजर-१ हे १९७७ पासून चालतंय, सध्या सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर. या वेगाने सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा, ४.२४ प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्झिमा सेंटॉरी गाठायचा म्हटला तर सुमारे ७५,००० वर्षं लागतील.

मग हेच आकडे गेममध्ये टाकून फक्त काळ भराभर पळवला तर?

आम्ही नेमकं हेच केलं होतं. पहिल्या प्रोटोटाइपमध्ये एक सेकंद म्हणजे एक दिवस धरला. कमीत कमी इंधनात पृथ्वीहून मंगळाला जायला साधारण २५९ दिवस लागतात, म्हणजे गेममध्ये सव्वाचार मिनिटं. गुरूला पावणेतीन वर्षं लागतात, ती झाली साडेसोळा मिनिटं. नेपच्यूनला तीस वर्षांवर वेळ लागतो, म्हणजे स्क्रीनसमोर तीन तास.

एका मित्राला खेळायला बसवलं. त्याने मोठ्या उत्साहाने सहा यानांचा ताफा गुरूकडे सोडला. दोन मिनिटं नकाशावरच्या ठिपक्याकडे बघितलं, मग मोबाइल हातात घेतला. ताफा पोचल्याची घंटा वाजली तेव्हा त्याने मान वर करून विचारलं, "मी हे कशाला पाठवले होते रे?"

तेव्हापासून मी यानाचा वेग किलोमीटरमध्ये मोजायचं सोडलं. निघाल्यापासून पोचेपर्यंत खेळाडूला किती निर्णय घ्यावे लागतात, हे मी मोजतो. एकही निर्णय नसेल तर ती निव्वळ ताटकळ असते. पंधरावीस निर्णय मध्ये आले, तर मूळ बेत डोक्यातून निघून जातो. माझ्या अनुभवात तीन ते सहा निर्णय बरोबर बसतात: मागे राहिलेल्या ग्रहाचं रक्षण कसं करायचं, शत्रूने दिशा बदलली तर परत फिरायचं का, इंधनाचं जहाज मागोमाग पाठवायचं का. अंतर, काळ आणि वेग हे तिन्ही या आकड्याला धरून ठरवावेत.

असं केलं तर वास्तवाशी फारकत होत नाही का?

मला हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अपोलो-११ हे १६ जुलै १९६९ ला निघालं आणि २० जुलैला माणसं चंद्रावर उतरली. चांद्रयान-३ हे १४ जुलै २०२३ ला निघालं आणि २३ ऑगस्टला उतरलं. चंद्र तोच, अंतर तेच. एकाला चार दिवस, दुसऱ्याला चाळीस. अपोलोच्या बुडाशी सुमारे २,९०० टनांचं सॅटर्न-५ होतं. चांद्रयान ज्या एलव्हीएम-३ रॉकेटवरून गेलं ते सुमारे ६४० टनांचं. मोठा रेटा परवडत नव्हता, म्हणून चांद्रयानाने पृथ्वीभोवती घिरट्या घालत कक्षा टप्प्याटप्प्याने उंचावली आणि मग चंद्राकडे झेप घेतली. इस्रोने वेळ खर्च केला आणि वजन वाचवलं.

ही तर आयती स्ट्रॅटेजी आहे! खेळाडूपुढे दोन बटणं ठेवा: 'लवकर पोच, टाकी रिकामी' आणि 'उशिरा पोच, टाकी निम्मी भरलेली'. आकडे तुम्ही हवे तसे दाबा किंवा ताणा. चाळीस दिवसांच्या जागी चार चाली ठेवा. घाईला किंमत आहे हे नातं टिकलं, की खेळणाऱ्याला ते जग खरं वाटतं. मी वास्तव म्हणतो ते या नात्यांना. एखाद्या गेममध्ये प्रत्येक ग्रहाचं अंतर अचूक असूनही वेग फुकट मिळत असेल, तर तो गेम मला अवास्तव वाटतो.

कर्बल स्पेस प्रोग्रॅमचंच बघा. त्यातल्या कर्बिन ग्रहाची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. तरी पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतकंच. असा ग्रह प्रत्यक्षात असणं अवघड, कारण त्याची घनता अफाट असावी लागेल. पण या एका खोटेपणामुळे कक्षेतला वेग सेकंदाला ७.८ किलोमीटरवरून सुमारे २.३ वर आला आणि कक्षेत पोचणं काही मिनिटांचं काम झालं. कक्षेची गणितं मात्र खरीच राहिली. असंख्य मुलं कक्षा म्हणजे काय ते या गेममुळे शिकली.

डेल्टा-व्ही म्हणजे काय, आणि तो खेळाडूला दाखवायचा कसा?

टाकीतलं सगळं इंधन जाळून यान आपला वेग एकूण किती बदलू शकतं, तो आकडा म्हणजे डेल्टा-व्ही. निघताना वेग घ्यायला तो खर्च होतो आणि पोचल्यावर थांबायलाही. नवखे डिझायनर हे दुसरं हमखास विसरतात.

रशियन शास्त्रज्ञ त्सिओलकोव्हस्कीने १९०३ मध्ये मांडलेलं रॉकेटचं समीकरण इथे कामाला येतं. समजा रिकामं यान १० टनांचं आहे आणि इंजिनातून वायू सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. ३ किमी/सेकंद डेल्टा-व्हीसाठी सुमारे १७ टन इंधन लागेल. ६ साठी ६४ टन. ९ साठी १९१ टन. कारण उघड आहे: उद्याचं इंधन आज वाहून न्यायलाही इंधन लागतं. निघताना १,३३७ किलो भरलेल्या मंगळयानात ८५२ किलो निव्वळ इंधन होतं.

गेम बनवणाऱ्यासाठी हे वरदान आहे. 'दुप्पट इंधन, दुप्पट पल्ला' असा सरळ नियम ठेवला की सगळे खेळाडू टाक्या लावत सुटतात. समीकरण खरं ठेवलं की प्रत्येक नव्या टाकीचा फायदा आधीपेक्षा कमी होत जातो आणि टाकी की चिलखत की तोफा, असा खरा पेच पडतो. वेगळे निर्बंध घालावे लागत नाहीत.

दाखवताना मात्र समीकरण लपवा. नकाशावर यानाभोवती दोन वर्तुळं काढा: आतलं 'जाऊन परत येता येईल' असं आणि बाहेरचं 'जाता येईल, परत येता येणार नाही' असं. आमच्याकडे ही दोन वर्तुळं आली आणि नियमपुस्तिकेतली चार पानं गळाली.

सतत रेटा देणारं भविष्यातलं इंजिन दिलं तर?

तर नकाशा आक्रसतो. पृथ्वीवरच्या गुरुत्वाकर्षणाइतका रेटा अर्ध्या वाटेपर्यंत दिला, मग यान उलटं फिरवून उरलेल्या वाटेत तितकाच ब्रेक लावला, तर १५ कोटी किलोमीटर जेमतेम तीन दिवसांत कापता येतात. त्याच्या तीसपट लांबच्या नेपच्यूनला मात्र तीसपट वेळ लागत नाही. सोळा दिवसांत काम होतं. वेळ अंतराच्या वर्गमुळाने वाढतो.

याचा परिणाम असा की 'जवळ' आणि 'लांब' यांतला फरक पुसट होतो. सीमेवरचं ठाणं आणि राजधानी यांत वेळेचं अंतर फारसं उरत नाही आणि दूरच्या वसाहतीचं एकटेपण जातं. तुमच्या गेमला ते एकटेपण हवं असेल तर हे इंजिन शेवटच्या टप्प्यावरचं संशोधन म्हणून ठेवा. ते हाती आल्यावर खेळाडूला जग बदलल्यासारखं वाटेल.

अंतराळात घर्षण नाही. मग यानाला 'कमाल वेग' देणं चूकच ना?

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने चूकच. १९६२ मध्ये एमआयटीत तयार झालेल्या स्पेसवॉरमध्येसुद्धा यानांना जडत्व होतं आणि मधला तारा त्यांना ओढायचा. पण १९९३ च्या फ्रंटियर: एलिट टू या गेमने न्यूटन पूर्णपणे पाळला तेव्हा लढायांची पंचाईत झाली. दोन यानं प्रचंड वेगाने समोरासमोर येत, क्षणभर गोळीबार होई, मग दोघंही दूर निघून जात आणि वळून परत येण्यातच वेळ जाई.

एक यान चालवताना ते सहन होतं. साठ यानांच्या ताफ्याला हुकूम देताना प्रत्येक यानाला ब्रेक कधी लावायचा हे बघणं म्हणजे स्ट्रॅटेजी सोडून ड्रायव्हरचं काम करणं.

ऑरोरा या स्ट्रॅटेजी गेमने काढलेली वाट मला फार आवडते. त्याच्या कथेत 'ट्रान्स-न्यूटोनियन' नावाची काल्पनिक खनिजं आहेत, त्यांच्यापासून बनलेली यानं जडत्व मानत नाहीत, आणि म्हणून त्यांना कमाल वेग आहे. लबाडी एकदाच, उघडपणे केली. बाकी सगळीकडे हिशेब कडक: इंजिनाची ताकद वाढवली की इंधन भसाभसा जळतं, उष्णता वाढते आणि शत्रूला तुम्ही लांबून दिसता. माझाही सल्ला हाच. एक मोठी थाप ठरवा, ती गोष्टीत नीट बसवा आणि नंतर तिच्याशी प्रामाणिक राहा. दर दहा मिनिटांनी नवी छोटी थाप मारली की खेळाडूचा विश्वास उडतो.

थोडासा वेग जास्त असला तर एवढा काय फरक पडतो?

फार पडतो. दोन ताफ्यांचा वेग सारखा असेल तर पाठलाग कधीच संपत नाही. एकाचा वेग किंचित जास्त झाला की लढाई कुठे, केव्हा आणि किती अंतरावरून होणार हे तोच ठरवतो. लांब पल्ल्याची तोफ घेऊन तो मागे मागे सरकत राहील आणि समोरच्याला शेवटपर्यंत हात लावू देणार नाही. गनिमी काव्याचं मर्म मराठी माणसाला वेगळं सांगायला नको: जो चपळ, तो लढाईची जागा निवडतो.

अडचण अशी की हा फायदा हळूहळू वाढत नाही. पाच घरं चालणारं यान आणि सहा घरं चालणारं यान यांत आकडा एकाचा, पण परिणाम हार-जितीचा. म्हणून मी वेगाला दोन आकडे देतो: नेहमीचा वेग आणि थोडा वेळ टिकणारी धाव. धाव इंधन खाते आणि इंजिन तापवते. त्यामुळे हळू यानालाही एकदा तरी झडप घालायची संधी मिळते, आणि वेगवान यानाला तोफांतलं किंवा चिलखतातलं वजन सोडावं लागतं.

ताऱ्यांमधला प्रवास कसा ठेवावा?

इथे वास्तव सोडावंच लागतं. सोडताना नकाशाचा आकार काय होतो त्याकडे लक्ष ठेवा.

१९९५ च्या स्टार्स! या गेममध्ये वॉर्पचा, म्हणजे ताफ्याला दिलेल्या वेगाच्या पायरीचा जो आकडा, त्याचा वर्ग म्हणजे वर्षाला तितकी प्रकाशवर्षं. वॉर्प ५ ला २५, वॉर्प ९ ला ८१. वेग वाढवला की इंधनाचा खर्चही चढतो. एक ओळीचा नियम, आणि दर चालीला 'आता किती घाई करू?' हा प्रश्न. मी नव्या माणसाला पहिल्यांदा हाच दाखवतो.

स्टेलारिस २०१६ मध्ये आला तेव्हा त्यात प्रवासाच्या तीन पद्धती होत्या: वॉर्प (ताऱ्यावरून ताऱ्यावर थेट उडी), वर्महोल (अंतराळातले बोगदे) आणि हायपरलेन. फेब्रुवारी २०१८ च्या २.० आवृत्तीत सुरुवातीसाठी फक्त हायपरलेन, म्हणजे ताऱ्यांना जोडणारे ठरावीक रस्ते उरले. बरेच खेळाडू नाराज झाले. पण कारण विचार करण्यासारखं होतं. कुठूनही कुठेही उडी मारता आली की किल्ला बांधण्यात अर्थ राहत नाही, शत्रू त्याला वळसा घालून जातो. रस्ते ठरले की खिंडी तयार होतात. घोडखिंड नसती तर १६६० साली बाजीप्रभूंना मूठभर मावळ्यांनिशी एवढी मोठी फौज अडवता आली नसती. थोड्यांनी पुष्कळांना रोखण्याची शक्यता तुमच्या गेममध्ये हवी असेल तर नकाशात खिंडी ठेवा.

सगळे खेळाडू एकच महाकाय ताफा घेऊन का फिरतात?

कारण वेग जास्त असतो. ब्रिटिश इंजिनिअर लँचेस्टरने १९१६ मध्ये मांडलेल्या वर्गाच्या नियमानुसार, दोन्ही बाजू लांबून एकमेकांवर मारा करत असतील तर ताकद संख्येच्या वर्गाने वाढते. ताफा दुप्पट केला तर चौपट भारी. त्यामुळे एकत्र राहणं केव्हाही फायद्याचं, आणि ताफा दोन चालींत साम्राज्याच्या या टोकापासून त्या टोकाला पोचत असेल तर विभागणी कोण करेल?

यानांच्या संख्येवर मर्यादा घालून बघितली, दंड लावून बघितला, खेळाडू वैतागतात. वेग कमी केला की गोष्ट आपोआप सुटते. महाकाय ताफा पूर्वेला अडकलेला असताना पश्चिमेला सात चाली कोणी येऊ शकणार नाही हे कळलं, की माणूस स्वतःहून पश्चिमेला चार यानं ठेवतो.

ग्रह फिरते ठेवावेत की स्थिर?

एकाच सूर्यमालेचा गेम असेल तर फिरतेच ठेवा. मंगळाला जायची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी येते. म्हणूनच जुलै २०२० या एकाच महिन्यात अमिराती, चीन आणि अमेरिका या तिघांची यानं मंगळाकडे निघाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिन्ही पोचली. शत्रू केव्हा निघेल आणि केव्हा येईल हे सगळ्यांना आधीच माहीत; गुपित एवढंच की तो काय घेऊन येतोय. टेरा इन्व्हिक्टा या गेमने सूर्यमालेतल्या खऱ्या कक्षा घेऊन हा ताण चांगला पकडला आहे.

शेकडो ताऱ्यांचा गेम असेल तर ग्रह स्थिर ठेवा. तिथे कोणी बघत नाही.

चाली असाव्यात की वाहता काळ?

एकट्याने खेळायचा गेम असेल तर वाहता काळ आणि थांबवायचं बटण. ऑरोरात काळ एका वेळी पाच सेकंदांपासून तीस दिवसांपर्यंत पुढे सरकवता येतो. लढाईत सेकंद, शांततेत महिने. काही घडलं की तो आपणहून थांबतो. हे आपणहून थांबणं फार जपून बनवा. कोणत्या घटनेवर थांबायचं ते खेळाडूला निवडू द्या.

अनेकांचा गेम असेल तर एकाला काळ पळवायचा असतो आणि दुसरा लढाईत गुंतलेला असतो, तेव्हा सगळ्यांनी एकदम हुकूम देण्याच्या चाली बऱ्या. ईव्ह ऑनलाइनमध्ये हजारो जण एका ठिकाणी भिडले की सर्व्हरवर ताण येतो, म्हणून तिथला काळच नेहमीच्या वेगाच्या दहा टक्क्यांपर्यंत मंदावतात. २७ जानेवारी २०१४ ची बी-आर५आरबी या तिथल्या तारामालेतली लढाई सुमारे २१ तास चालली.

एखाद्याने भरधाव यानच ग्रहावर आदळवलं तर?

हा प्रश्न कोणीतरी चाणाक्ष खेळाडू विचारणारच, तेव्हा उत्तर आधी तयार ठेवा. सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वस्तूत तिच्याच वजनाच्या टीएनटीएवढी ऊर्जा असते. प्रकाशाच्या एक टक्का वेगाला एकेका किलोमागे सुमारे एक किलोटन. एवढी इंजिनं मालवाहू जहाजांना दिलीत तर तुमच्या जगातलं प्रत्येक मालवाहू जहाज अणुबॉम्बहून भयंकर ठरतं आणि युद्धनौकांचं कामच उरत नाही. वेग कमी ठेवा, नाहीतर जडत्व न मानणारी ती एक मोठी थाप वापरा: जडत्वच नाही तर टक्करही तशी नाही.

संदेशही प्रकाशाच्या वेगाने पाठवावेत का?

मंगळापर्यंत संदेश जायला साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, नेपच्यूनपर्यंत चार तास. तुमची सर्वांत छोटी चाल एका दिवसाची असेल तर हा नियम सोडून द्या.

प्रोग्रॅमिंगमध्ये काय सांभाळावं?

३२ बिटांच्या दशांश संख्येत सुमारे सात अंकच नीट मावतात. सूर्य हा मध्य धरून मीटरमध्ये अंतर मोजलं तर पृथ्वीजवळ तुमची सर्वांत लहान पायरी १६ किलोमीटरची होते. यानं थरथरतात, उड्या मारतात, एकमेकांत घुसतात. सूर्यमालेतल्या जागा ६४ बिटांत साठवा आणि दृश्य दाखवताना कॅमेरा हाच मध्य धरा. दुसरी गोष्ट टकरीची: सेकंदाला १० किलोमीटर जाणारं क्षेपणास्त्र साठ फ्रेमच्या हिशेबाने एका फ्रेममध्ये १६७ मीटर सरकतं, त्यामुळे पन्नास मीटरच्या यानातून ते न लागता आरपार निघून जातं. फक्त ठिकाणं तपासू नका, मधली सगळी रेघ तपासा.

वेग बरोबर बसला हे कसं कळणार?

कोड लिहिण्याआधी कागदावर खेळा. आम्ही मोठ्या पुठ्ठ्यावर ग्रह काढतो, कॅरमच्या सोंगट्या यानं म्हणून वापरतो आणि प्रत्येक वेगासाठी गाठी मारलेला एकेक दोरा ठेवतो. एक गाठ म्हणजे एक चाल. वेग बदलायचा तर दोरा बदलायचा, बस. शेजारी बसून दर प्रवासात खेळाडूने किती निर्णय घेतले त्याच्या रेघा मारायच्या.

एकदा माझा बारा वर्षांचा भाचा खेळत होता. त्याने काळी सोंगटी शनीकडे सोडली, दोन गाठी पुढे सरकवली आणि तिथेच बोट ठेवून थांबला. "मामा, आता परत फिरवली तर पृथ्वीला पोचेन का रे?" त्याने दोरा मागे धरून गाठी मोजल्या. एक कमी पडत होती. बराच वेळ तो त्या सोंगटीकडे बघत राहिला, मग तिला पुढेच जाऊ दिलं. त्या दोऱ्याच्या गाठी मी बदलल्या नाहीत. आजही गेममध्ये तोच वेग आहे.